तेलगळतीनंतर किनाऱ्यावर कामाला जाताना : बडोद्यातील स्वयंसेवी गटांसाठी क्रमवार मार्गदर्शन

समुद्रात तेल सांडल्याची बातमी आली की आपल्याकडच्या मंडळांच्या वॉट्सॲप गटांवर तासाभरात यादी फिरू लागते : कोण येणार, कोणाची गाडी, फावडी-घमेली कुठून आणायची. ही तत्परता पुराच्या कामातून अंगवळणी पडलेली आहे आणि तिथे ती योग्यच असते, कारण विश्वामित्री नदीचे पाणी वस्तीत शिरल्यावर जो आधी पोहोचतो त्याचाच खरा उपयोग होतो. तेलाच्या बाबतीत मात्र न बोलावता पोहोचलेला पन्नास जणांचा गट वाळूवरचे तेल पायांनी वाळूत दाबतो, बुटांना लावून डांबरी रस्त्यावर आणतो, आणि शेवटी गाडीच्या सीटवरून घरापर्यंत नेतो.

म्हणून पुढच्या सगळ्या टप्प्यांमागे एकच सूत्र आहे. तेल एकाच दिशेने हलले पाहिजे : किनाऱ्यावरून पिशवीत, पिशवीतून साठवणीच्या खड्ड्यात, खड्ड्यातून अधिकृत वाहनात. ते मागे, आजूबाजूला किंवा खाली गेले तर त्या दिवसाचे काम वाया गेले असे समजावे. टप्प्यांचा क्रम बदलू नये. बहुतेक चुका क्रम मोडल्यानेच होतात.

टप्पा १ : नोंदणी आणि माणसांची निवड

१९९६ सालापासून लागू असलेल्या राष्ट्रीय आपत्कालीन आराखड्यानुसार समुद्रातल्या तेलाविरुद्धच्या कामाचे समन्वयन भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. किनाऱ्याला लागलेले तेल ही राज्य सरकारची आणि प्रत्यक्षात त्या त्या जिल्हा प्रशासनाची जबाबदारी असते. स्वयंसेवकांनी संपर्क साधायचा तो जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी, आणि तोही ज्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तेल आले आहे त्या जिल्ह्याच्या कक्षाशी. बडोदे जिल्ह्याचा कक्ष भरूच किंवा वलसाडच्या किनाऱ्याबद्दल निर्णय देऊ शकत नाही. जिल्हा कक्षाचा १०७७ हा क्रमांक जिथून फोन लावाल त्या जिल्ह्यात लागण्याचा संभव असतो, त्यामुळे बडोद्यातून फोन करायचा असेल तर संबंधित कार्यालयाचा पूर्ण क्रमांक आधीच काढून ठेवावा. किनाऱ्यावर तेल पहिल्यांदा तुम्हालाच दिसले, तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे.

संपर्क साधताना गटाच्या वतीने एकानेच बोलावे आणि चार गोष्टी सांगाव्यात : किती माणसे, किती दिवस, कोणते साहित्य स्वतःचे आहे, आणि कोणाला कसले प्रशिक्षण झालेले आहे. आपदा मित्र योजनेत किंवा नागरी संरक्षण दलात प्रशिक्षण घेतलेले कोणी गटात असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण अशा माणसाला गटप्रमुख म्हणून ताबडतोब काम देता येते. त्यानंतर बोलावणे येण्याची वाट पाहावी. हे वाट पाहणे दोन-तीन दिवसांचेही असू शकते आणि त्यामागे कारण असते. कच्च्या तेलातील हलके, विषारी घटक पहिल्या एक-दोन दिवसांत मोठ्या प्रमाणात उडून जातात, आणि तोवर वायुमापक घेतलेल्या प्रशिक्षित पथकाशिवाय कोणीही तिथे असू नये.

माणसे निवडताना भिडस्तपणा ठेवू नये. अठरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, दमा किंवा हृदयविकार असलेली माणसे आणि ज्यांच्या त्वचेवर इसब किंवा उघडी जखम आहे अशांना तेलाच्या भागात पाठवू नये. मंडळाचे ज्येष्ठ सभासद ‘आम्हीही येणार’ म्हणून हटून बसतात, असा अनुभव बहुतेक गटांना असतो. त्यांच्याकडे नोंदवही, पाणी, सावली आणि साहित्याचा हिशेब सोपवावा. ही कामे मानाची म्हणून दिलेली नसतात. त्यांच्याविना पुढचे टप्पे चालतच नाहीत.

तपासणी : प्रत्येकाचे नाव, वय, रक्तगट, घरच्यांचा फोन आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख एका कागदावर आली का? आली नसेल तर बसमध्ये बसू नये.

टप्पा २ : किनारा ओळखणे आणि भरतीचे गणित

बडोद्याला समुद्र नाही. सर्वांत जवळचा किनारा पादरा आणि जंबुसरमार्गे कावी-कंबोईचा, म्हणजे खंभातच्या आखाताचा, आणि तो चिखलाचा आहे. सुरतजवळचे सुवाली आणि डुमस, वलसाडचे तिथल, त्याच्या दक्षिणेचे नारगोल हे किनारे वेगळे. तिथे वाळू आहे, जरी ती पांढरीशुभ्र नसून काळपट आहे. हा फरक सहलीच्या दृष्टीने किरकोळ असेल, पण तेलाच्या कामात त्यावरच सगळे ठरते.

वाळूच्या उघड्या किनाऱ्यावर तेल वरच्या थरात राहते आणि हाताने काढता येते. स्वयंसेवकांसाठी योग्य किनारा हाच. खडकाळ, लाटांचा मारा असलेल्या भागात समुद्र स्वतःच बरेच काम करतो. चिखलाच्या सपाट पट्ट्यात आणि खारफुटीत मात्र माणसाचा पाय हाच मुख्य शत्रू ठरतो. खारफुटीतील तिवराच्या झाडाला श्वास घेण्यासाठी चिखलातून बोटाएवढी मुळे वर आलेली असतात. चालताना ती मोडतात, आणि पायाखालचे तेल हवा न पोहोचणाऱ्या थरात जाऊन वर्षानुवर्षे तसेच राहते. जंबुसर तालुक्याच्या किनाऱ्यावर खारफुटीची बरीच लागवड झालेली आहे. तिथे स्वयंसेवकांचे काम बाहेरच्या कडेपर्यंतच असते, आणि आत जाऊ का हा प्रश्नही विचारू नये.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक उधाणाच्या दिवसांत दहा मीटरांच्याही वर जातो. कंबोईचे स्तंभेश्वराचे देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते हे आपण कौतुकाने पाहतो. ते पाणी सपाट चिखलावरून किती वेगाने येते हे मात्र बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे, आणि मूळ घर अलिबाग-मुरूडकडे असलेल्या बडोद्यातील कुटुंबांत ती अजून तोंडपाठ असते. ती इथे वापरू नये. आखातात भरतीची लाट वर सरकत जाताना वेळ पुढे ढकलली जाते आणि कोकणातले गणित कित्येक तासांनी चुकते. त्या ठिकाणचे, त्या दिवसाचे भरतीचे कोष्टकच हवे, आणि ते छापून गटप्रमुखाच्या खिशात हवे, कारण किनाऱ्यावर फोनला रेंज असेलच असे नाही.

उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमारास येणारी, सर्वांत कमी चढणारी भरती) यांचाही विचार करावा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर चढते आणि तेल किनाऱ्याच्या माथ्यावर टाकून जाते. नंतर अष्टमीच्या भांगापर्यंत रोजची भरती थोडी थोडी खालीच थांबते. वर अडकलेले ते तेल काढायला हेच दिवस सोयीचे. पुढचे उधाण आले की ते पुन्हा तरंगते आणि शेजारच्या गावाच्या किनाऱ्याला लागते.

इशारा : ओहोटी पूर्ण होण्याची जी वेळ कोष्टकात असेल, त्या वेळेला सर्वजण परतीच्या वाटेला लागलेले असले पाहिजेत. ‘अजून पाणी लांब आहे’ हे वाक्य त्या किनाऱ्यावर कोणी उच्चारू नये.

टप्पा ३ : साहित्य

हातमोजे नायट्राइलचे हवेत, कोपराजवळपर्यंत येणारे. स्वयंपाकघरातले पातळ रबरी मोजे तेलाने फुगून फाटतात, आणि सुती मोजे तेल शोषून त्वचेशी धरून ठेवतात, म्हणजे ते नसण्यापेक्षा वाईट. मोठ्या मोज्यांच्या आत पातळ नायट्राइलचा दुसरा जोड घालावा. त्याचा उपयोग सातव्या टप्प्यात कळेल. पायांत गमबूट, अंगात पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, त्यांवर एकदाच वापरायचा अंगरखा, डोळ्यांना बंद चष्मा. बाह्यांची आणि बुटांची तोंडे चिकटपट्टीने बंद करावीत. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवाव्यात.

मास्कबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. करोनाच्या काळातले मास्क घरात शिल्लक असतात आणि ते घालून माणसे निश्चिंत होतात, पण कापडी, शस्त्रक्रियेचा किंवा एन-९५ यांपैकी कोणताही मास्क तेलाची वाफ अडवत नाही. वाफ अडवणारा मास्क वेगळा, कार्ट्रिजचा असतो. माझे मत असे की जिथे तो घालावा लागतो, ती जागा स्वयंसेवकांची नव्हेच. डोके दुखू लागले, मळमळले, पेट्रोलपंपासारखा उग्र वास आला, तर वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत बाहेर यावे आणि पथकाला सांगावे.

हत्यारे साधी असतात : सपाट धारेची फावडी, लांब दांड्याची दाताळी, खुरपी, घमेली, झाकणाच्या बादल्या, आणि डांबरासारख्या गोळ्यांसाठी वाळू चाळायची चाळणी. टोकदार फावडे वाळूत खोल जाते, म्हणून नको. पिशव्या जाड प्लास्टिकच्या हव्यात. किराणा दुकानातल्या काळ्या पिशव्या उन्हात तापून शिवणीवर उसवतात आणि उचललेले सगळे परत वाळूवर येते. यांशिवाय ताडपत्री, चिंध्यांचे गठ्ठे, जुनी वर्तमानपत्रे, सिंगतेलाचा (शेंगदाण्याच्या तेलाचा) डबा, साधा साबण, ओआरएसची पाकिटे.

काय नेऊ नये याची यादी तितकीच महत्त्वाची आहे. कपडे धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण, फिनाईल, केरोसीन, आणि ‘तेल विरघळवणारे’ म्हणून कोणी दिलेले कोणतेही द्रावण नेऊ नये. तेल फोडणारी रसायने समुद्रात कधी आणि कुठे फवारायची हे तटरक्षक दल ठरवते. किनाऱ्यावर आणि उथळ पाण्यात त्यांनी फुटलेले तेल थेंबाथेंबाने कालवे, खेकडे आणि माशांच्या पिल्लांपर्यंत पोहोचते. १९६७ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘टोरी कॅन्यन’ जहाज फुटले, तेव्हा अशा रसायनांनी किनाऱ्यावरच्या जिवांचे तेलाहूनही अधिक नुकसान केले होते.

भुस्सा, पेंढा आणि माणसांचे केस यांबद्दलही आताच लिहितो, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी केशकर्तनालयांतून पोती भरून आणण्याची कल्पना मांडते. २०२० मध्ये मॉरिशसच्या लोकांनी उसाचे पाचट आणि केस भरून तरंगते अडसर बनवले ते गाजले आणि तिथल्या परिस्थितीत ते समजण्यासारखेही होते. सुटे टाकलेले असे पदार्थ मात्र तेल पिऊन जड होतात, बुडतात किंवा पसरतात, आणि मग तेलाबरोबर तेही वेचावे लागतात. पथकाने मागितल्याशिवाय नेऊ नयेत.

टप्पा ४ : तेल येण्याआधीची सफाई

स्वयंसेवकांचा सर्वांत मोठा उपयोग इथे होतो आणि नेमका हाच टप्पा बहुतेक गट गाळतात, कारण तेल दिसत नसताना काम करण्यात कोणाला उत्साह वाटत नाही. तेल अजून समुद्रात असेल आणि प्रशासनाने संभाव्य किनारा सांगितला असेल, तर तिथला प्लास्टिकचा कचरा, थर्मोकोल, तुटकी जाळी, ओंडके, नारळाच्या करवंट्या हे सगळे उधाणाच्या रेषेच्या वर नेऊन ठेवावे. कोरडी बाटली हा साधा कचरा असतो. तीच तेलाने माखली की कायद्याच्या दृष्टीने घातक कचरा होते आणि तिच्या विल्हेवाटीचा खर्च व त्रास कितीतरी पटींनी वाढतो. सांडलेल्या तेलाच्या अनेक पट वजनाचा कचरा किनाऱ्यावरून निघतो, त्याचे एक मोठे कारण आधी न उचललेला कचरा हेच असते.

भरतीरेषेवर साचलेले समुद्री शेवाळ मात्र पथकाला विचारूनच हलवावे. त्यात किडे आणि त्यांवर जगणारे पक्षी असतात. कासवांच्या घरट्यांच्या जागी खुणा करून ठेवाव्यात. कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी वर नेण्यास मदत करावी, पण मालकाला विचारून.

याच टप्प्यात छायाचित्रे काढावीत. स्वच्छ किनारा, उभ्या होड्या, जाळी, मिठागरांचे चर या सगळ्यांची तारीख-वेळ असलेली छायाचित्रे पुढे मच्छीमारांच्या भरपाईच्या दाव्यांत पुरावा म्हणून लागतात.

टप्पा ५ : जागेची आखणी

किनाऱ्यावर पोहोचल्यावर लगेच फावडे उचलू नये. दोऱ्या आणि खुंट्या लावून तीन भाग करावेत. पाण्याकडचा तेलाचा भाग, रस्त्याकडचा स्वच्छ भाग, आणि दोहोंच्या मध्ये स्वतःला साफ करण्याची अरुंद पट्टी. आत जाण्याची वाट एक आणि बाहेर येण्याची वाट दुसरी, पण दोन्ही त्या मधल्या पट्टीतूनच. तेलाच्या भागात घातलेला बूट स्वच्छ भागात येत नाही, आणि स्वच्छ भागातली चप्पल आत जात नाही. खाणे, पाणी, शौचालय, फोन हे सगळे स्वच्छ भागात. विडी-सिगारेट कुठेच नाही.

पिशव्यांच्या साठवणीचा खड्डा मधल्या पट्टीच्या एका टोकाला, उधाणाच्या रेषेच्या वर, ट्रक पोहोचेल अशा जागी हवा. तळाला व कडांना अखंड ताडपत्री अंथरावी आणि पावसासाठी दुसरी ताडपत्री झाकायला ठेवावी. बस डांबरी रस्त्यावरच थांबवावी. किनाऱ्यावर गाडी उतरवली की दोन चाकोऱ्यांतले तेल वाळूत गाडले जाते.

तपासणी : गटातल्या कोणालाही विचारावे, ‘तुझे बूट कुठे काढायचे?’ बोट दाखवून उत्तर देता आले, तर काम सुरू करावे.

टप्पा ६ : तेल उचलणे

जोड्या कराव्यात, एकट्याने काम करू नये. जोडीतला एक खरवडतो आणि दुसरा घमेले-पिशवी धरतो, व अर्ध्या तासाने अदलाबदल होते. मे-जूनच्या उन्हात अंगरखा घातलेल्या माणसाला लवकर चक्कर येऊ शकते, म्हणून दर अर्ध्या तासाने पंधरा मिनिटे सावलीत बसणे सक्तीचे ठेवावे, मग कोणाला कितीही दम असो.

ओहोटी सुरू झाल्यावर वरच्या रेषेकडून खाली, मागे हटत जाणाऱ्या पाण्याबरोबर सरकावे. उभे राहायचे ते स्वच्छ वाळूवर आणि तेल आपल्या पुढ्यात ठेवून. तेलात उभे राहून आजूबाजूचे ओढू नये. ओले, जाड तेल असेल तर फावडे जवळपास आडवे धरून दुधावरची साय काढावी तसा फक्त वरचा थर घ्यावा. पिशवीत तेलापेक्षा स्वच्छ वाळू जास्त दिसू लागली की फावडे खोल जात आहे असे समजावे. वाळू फुकट असते असे वाटते, पण नेलेली प्रत्येक पाटी त्या किनाऱ्यातून वजा होते आणि तेवढी धूप वाढते. जेसीबी बोलावण्याचा मोह याच कारणासाठी आवरावा. तो एका फेरीत जेवढे तेल उचलतो त्याच्या किती तरी पट चांगली वाळू नेतो, आणि उरलेले तेल साखळ्यांनी चेंदून खाली दाबतो.

तेलाचे घट्ट गोळे झाले असतील तर ते दाताळ्याने एका ओळीत आणून हाताने वेचावेत किंवा चाळावेत. असे गोळे भर दुपारी वितळून वाळूत झिरपतात, म्हणून हे काम सकाळी लवकर करावे.

बादली अर्धीच भरावी आणि पिशवी दहा-बारा किलोंच्या वर जाऊ देऊ नये. तेल भिनलेली वाळू दिसते त्याहून खूप जड असते. भरलेली पिशवी ओढत नेणे म्हणजे तिचा तळ फाडणे. पिशवी वाळूवरून सरकवू नये, दोघांनी उचलावी.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाल्यावर बादल्यांनी चिकट तेल उपसणाऱ्या माणसांची छायाचित्रे देशभर पाहिली गेली, आणि त्यांतल्या काहींचे हात उघडे होते. त्या जिद्दीचे कौतुक झाले, पण उघड्या हातांचे अनुकरण करू नये. त्वचेवरचे पुरळ आणि डोळ्यांची जळजळ त्याच रात्री सुरू होते.

खडक असतील आणि पथकाने सांगितले असेल तरच चिंध्यांनी पुसावेत. २००७ च्या डिसेंबरातील गळतीनंतर दक्षिण कोरियाच्या ताएआन किनाऱ्यावर दहा लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी असे दगड पुसले. पण शिंपले आणि शेवाळ चिकटलेले खडक घासून लख्ख करणे, किंवा गरम पाण्याच्या फवाऱ्याने धुणे, हे तिथल्या जिवांना मारणे असते. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’च्या गळतीनंतर उष्ण पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतलेल्या किनाऱ्यांवर हेच घडल्याचे पुढे अभ्यासकांनी नोंदवले.

इशारा : तेलावर कोरडी वाळू टाकून ‘झाकून’ घेऊ नये. किनारा स्वच्छ दिसतो, आणि पुढच्या उधाणाला तेच तेल उघडे पडते.

इशारा : कंटेनर, पिंप, पोते किंवा अनोळखी डबा दिसला तर लांबच राहावे आणि कळवावे. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाले तेव्हा तेलाबरोबर कॅल्शियम कार्बाइडचे कंटेनरही त्यात होते, आणि हा पदार्थ पाण्याशी संबंध आल्यास पेट घेणारा वायू सोडतो. त्याच जहाजातले प्लास्टिकचे बारीक मणी किनाऱ्यावर पसरले. असे मणी आढळले तर ते तेलाच्या पिशवीत न घालता चाळणीने वेगळे गोळा करावेत.

तेल लागलेला पक्षी

उत्तरायणाच्या दिवसांत मांज्याने कापलेले पक्षी खोक्यात घालून नेण्याची सवय बडोद्यातल्या पुष्कळ तरुणांना आहे, आणि ती इथे अर्धी उपयोगी पडते. हवेसाठी भोके पाडलेले खोके, तळाला कापड, अंधार, शांतता हे सगळे तसेच. फरक असा की पक्ष्याला धुवायचे नाही, चोच उघडून पाणी पाजायचे नाही, आणि तेल पुसत बसायचे नाही. तेलाने पिसांची ऊब गेलेली असते, म्हणून ओले करणे घातक ठरते. धुण्याचे काम पक्षी सावरल्यावर प्रशिक्षित माणसे करतात. टॉवेल टाकून पकडावा, चोच आपल्या डोळ्यांपासून लांब ठेवावी, आणि वनविभागाला किंवा १९६२ या पशु-रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर कळवावे. मेलेले पक्षीही मोजून, जागा लिहून वनविभागाकडेच द्यावेत, पुरू नयेत.

टप्पा ७ : तेलाच्या भागातून बाहेर येणे

दिवसाच्या शेवटी सगळे दमलेले असतात, बस वाट पाहत असते, आणि इथे घाई झाली की दिवसभर वाळूवर अडवलेले तेल पाचव्या मिनिटाला स्वच्छ भागात येते. मधल्या पट्टीत ताडपत्रीवर पुढील क्रम पाळावा.

आधी हत्यारे चिंधीने पुसून एका बाजूला ठेवावीत. मग बुटांवरचे आणि बाहेरच्या मोज्यांवरचे जाड तेल चिंधीने काढावे. चिकटपट्ट्या सोडाव्यात. बाहेरचे मोजे उलटे करून काढावेत. आता हातात आतला पातळ जोड आहे. अंगरखा मानेपासून खाली, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवावा आणि त्याच ओघात बूट काढून पाय पट्टीच्या पलीकडे, स्वच्छ चपलेत ठेवावा. त्यानंतर चष्मा, मास्क, आणि सर्वांत शेवटी आतले मोजे. जोडीदाराने समोर उभे राहून प्रत्येक पायरी पाहावी, कारण स्वतःच्या पाठीवरचे तेल स्वतःला दिसत नाही.

त्वचेला लागलेले तेल सिंगतेल चोळून सैल करावे, कापडाने टिपावे, मग साबण-पाण्याने धुवावे. पेट्रोल, केरोसीन किंवा थिनर लावू नये. त्वचेतले संरक्षक स्निग्ध निघून जाते आणि विषारी घटक आणखी आत शिरतात. धुतलेले पाणी पिंपात धरावे, वाळूवर ओतू नये.

टप्पा ८ : कचऱ्याची वर्गवारी आणि नोंद

तेलाने माखलेला कचरा २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली येतो आणि त्याची विल्हेवाट गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यतेने चालणाऱ्या ठिकाणीच लावता येते. पंचायतीच्या उकिरड्यावर टाकणे, पुरणे, किनाऱ्यावर पेटवणे यांतले काहीही चालत नाही. ‘आमच्या कारखान्याच्या भट्टीत जाळून देतो’ असे सांगणारा शुभचिंतक औद्योगिक बडोद्यात हमखास भेटतो. त्याला नम्रपणे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावे.

पिशव्या पाच प्रकारांत वेगळ्या ठेवाव्यात : पातळ तेल, तेलकट वाळू, तेलकट ओंडके-प्लास्टिक, वापरलेले मोजे-अंगरखे-चिंध्या, आणि प्लास्टिकचे मणी. प्रत्येकाची पुढची वाट निराळी आहे, आणि एकदा मिसळले की सगळ्यांना सर्वांत महागडी वाट लागते. पिशवीवर तारीख, जागा आणि प्रकार न पुसल्या जाणाऱ्या पेनाने लिहावा. ट्रकमध्ये चढलेल्या पिशव्यांची संख्या लिहून चालकाची सही घ्यावी.

नोंदवहीत प्रत्येक माणसाचे येण्या-जाण्याचे तास, वापरलेले साहित्य, बसचे भाडे हे सगळे पावत्यांसह असावे. जहाजातून झालेल्या गळतीत वाजवी खर्चाची भरपाई आंतरराष्ट्रीय करारांखाली जहाजमालकाच्या विम्याकडून मागता येते, आणि तो दावा प्रशासन करते. पण कागद नसलेला खर्च धरला जात नाही. स्वयंसेवा फुकट केली म्हणून हिशेब नको, हा विचार इथे गावाचे नुकसान करतो.

आणखी एक गोष्ट वहीच्याच अनुषंगाने. मासेमारी बंद झालेल्या गावात सफाईची रोजंदारी हा लोकांचा एकमेव आधार असू शकतो. सरपंचांना आणि मच्छीमार सोसायटीला विचारून, त्यांना मजुरी मिळणारे काम सोडून उरलेले काम घ्यावे. बाहेरून आलेल्या फुकट हातांनी स्थानिकांची मजुरी बुडवू नये.

टप्पा ९ : कुठे थांबायचे

थांबण्याची कसोटी काम सुरू होण्याआधी पथकाकडून लिहून घ्यावी, नाहीतर प्रत्येक गट आपापल्या समाधानापर्यंत खरवडत राहतो. वाळूसाठी साधी पाहणी अशी : माथ्यापासून पाण्यापर्यंत ठरावीक अंतरावर खुरप्याने हातभर खोल खड्डे घ्यावेत आणि भिंत उभी कापलेली ठेवावी. वाळूच्या थरांत तपकिरी किंवा काळी पट्टी दिसली तर तेल गाडले गेले आहे. तिची खोली मोजून पथकाला सांगावी, स्वतः उकरत बसू नये. खड्ड्यात पाणी झिरपल्यावर त्यावर रंगीत तवंग येतो का तेही पाहावे. खडकावर पांढरे कापड दाबून उचलावे. डाग उठला नाही तर तिथले काम संपले, मग खडकावर काळी छटा दिसत असली तरी. ती छटा ऊन, लाटा आणि सूक्ष्मजीव पुढच्या महिन्यांत काढतात.

टप्पा १० : पुढचे महिने

सफाईनंतर लगेच खारफुटीची रोपे लावायला निघू नये. चिखलात तेल असताना लावलेली रोपे मरतात आणि लावताना तुडवलेला चिखल आणखी बिघडतो. पहिला पावसाळा जाऊ द्यावा, जुन्या झाडांना नवी पालवी येते का आणि खाली आपसूक रोपे उगवतात का हे कडेवरून पाहावे, आणि लागवडीचा निर्णय वनविभागावर सोपवावा. पुष्कळ ठिकाणी बिया भरतीबरोबर आपोआप येतात व लागवडीची गरजच उरत नाही.

गटाने करण्यासारखे काम म्हणजे ठरलेल्या जागांवरून दर महिन्याला, ओहोटीच्या त्याच अवस्थेत, त्याच दिशेने छायाचित्र काढणे. जागेवर रंगवलेली खुंटी असावी आणि चौकटीत मोजपट्टी दिसावी. प्रत्येक छायाचित्राबरोबर खेकड्यांची बिळे किती दिसतात, वास येतो का, पायाला चिकटते का, एवढे तीन प्रश्न लिहून भरावेत.

दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी डांबरी गोळे एरवीही येतात, त्यामुळे जूनमध्ये ते दिसले की जुनीच गळती परत आली असे परस्पर जाहीर करू नये. दोन-चार गोळे फॉइलमध्ये गुंडाळून, काचेच्या बरणीत, तारीख-जागा लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावेत. ते कोणत्या तेलाचे आहेत हे प्रयोगशाळेत तपासता येते. छायाचित्रांची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी आणि दुसरी जिल्हा कक्षाकडे पोच घेऊन द्यावी.